फणी

मी म्हणाले फणी,
ह्यांनी पाणी आणून दिलं.
तांब्या भरून, वर फुलपात्र पालथं घालून.
केस तसेच मोकळे सोडून मी ते प्यायले.
तहान नव्हती.

हसलो आम्ही त्या दिवशी.
पण कन्ना चौकातल्या लग्नात
सगळे गप्प झाल्यावर हे एकटेच हसले,
तेव्हा पोटात गोळा आला.

चौतीस वर्षं अक्कलकोट रोडच्या कारखान्यात.
दोन माग पुढे, दोन पाठीमागे,
मधल्या बोळात हे, धोट्यांच्या माराखाली.
तिथे कुणी कुणाचं ऐकत नाही,
ओठ बघतात.
घरी आले तरी माझे ओठच बघायचे.
मला वाटायचं, प्रेम.
असेलही.

सात रस्त्याजवळ दवाखाना, आत काचेची खोली.
ह्यांच्या हातात बटण दिलं :
ऐकू आलं की दाबा, अगदी बारीक आलं तरी.
बाहेर यंत्रावर दिवा लागायचा,
आत अंगठा हलायचा नाही.
दिवा लागला की मीच इकडे
पदराच्या गाठीवर बोट दाबत होते.

क्षीरसागर मॅडमनी कागद समोर धरला.
रेघ डावीकडून बरी चाललेली,
मग पायरी चुकल्यासारखी खाली.
जाड आवाज येतात, म्हणाल्या,
स, फ, त, ख गळतात.
म्हणून ऐकू येतं, कळत नाही.
कानाच्या आत केसाहून बारीक तंतू असतात,
तुटले की तुटले.
चालत्या मागावर ताण्याचा तुटका धागा
डोळा लवायच्या आत सांधणारा माणूस
त्यांना विचारतो,
"गाठ नाही का बसत?"
"नाही बसत, काका."

दोन्ही कानांना हवं होतं.
माझ्या विडीच्या पीएफात एकच बसलं, उजवं.
डाव्याचं दिवाळीनंतर बघू.

पहिल्या दिवशी दोनच तास.
प्लॅस्टिकची पिशवी ह्यांच्या अंगावर धावून आली.
कडक भाकरी मोडली तर दचकले.
माझी कातरी तेंदूच्या पानातून फिरत होती :
"हे रोज असं वाजतं?"
चाळीस वर्षं, म्हटलं.
म्हटलं कसलं, ओरडले.
ह्यांनी कान झाकला. "हळू, राजव्वा."

म्हणजे मशीन ह्यांच्या कानात
आणि आवाज कमी करायचा माझ्या गळ्यातला.
वीस वर्षं ओरडून
माझं हळू बोलणं कुठे ठेवलंय तेच आठवेना.
शेजारच्या यमुलबाईंना वाटायचं, रोजचं भांडण.
साखर संपली एवढंच सांगत असायचे मी.

आणि एक गोष्ट मॅडमनी सांगितली नव्हती.
सुपावर मान घालून मी सगळं बोलायचे.
ह्यांच्या मटक्याचं, जावेच्या पाटल्यांचं,
नवव्या दिवशी गेलेल्या मुलीचं.
भांडण मराठीत, दुःख तेलुगूत.
ओठ दिसत नसत, म्हणून बिनघोर.
आता पानं मोजते. गप्प.

परवा हे कारखान्याच्या दारापर्यंत जाऊन आले.
मशीन खिशात, हात खिशावर.
येताना मेडिकलमधून
भाच्याला, व्यंकटेशला, रबरी बोळे आणले.
त्यानं घेतले, शर्टात टाकले.
दुसऱ्या दिवशी ते धुण्यात सापडले मला.
मी वाळत घातले.

रात्री मशीन डबीत जातं,
ओल शोषणाऱ्या पुडीशेजारी.
झाकण टक् वाजतं.
टक् झालं की माझं सुरू होतं,
कुशीवर वळून, भिंतीशी.

काल टक् ऐकायचं राहून गेलं.
लाईट गेलेली, खोलीत काळोख,
मी भिंतीला सांगत होते
तिचे कान किती लहान होते ते.
थांबले.
मागून ह्यांचा आवाज,
मीही इतक्या वर्षांत ऐकला नव्हता इतका हळू :
"तर्वात?"
मग? पुढे?