दुसरी बाजू, अकरावं मिनिट

पंखे बंद ठेवायला मीच सांगितलं होतं.
माणसांना पंख्याची सवय होते, माइकला होत नाही.
एप्रिलची अखेर, कॅम्पातल्या शाळेचा हॉल,
स्टेजवर चाळीस वादक, खाली तीनशे घडीच्या खुर्च्या,
आणि कोपऱ्यात घमेल्यात बर्फाच्या दोन लाद्या.
ही कल्पना डबल बासवाल्या वाच्छांची.
बर्फ ठिबकायला लागला तेव्हा
खाली गोणपाट शोधत मी पळालो.

वॉचमन जगतापांनी हिलरीला विचारलं,
बासरीच ना ही? मग नळासारख्या चाव्या कशाला?
हिलरी फुर्ताडो म्हणाला, गळते म्हणून.

उकाड्यात ही बासरी चढते, व्हायोलिनं उतरतात.
दर तुकड्यानंतर तो चांदीची नळी
केसभर बाहेर ओढायचा,
आणि मागे वळून बघायचा,
घाटात पुढे गेलेला माणूस बघतो तसा,
येताय ना?

येत होते. बँकेतल्या दोघी, दाताची डॉक्टर,
आणि क्लॅरिनेटवर खडकीचे निवृत्त हवालदार थोपटे,
ज्यांनी तीस वर्षं फक्त चालणाऱ्यांसाठी वाजवलं.
जॅझमध्ये पाऊल नेमकं कुठे पडतं
हे ते तालमीत रोज विचारायचे.
कुणालाच नीट सांगता आलं नाही.

दुसरी बाजू. बत्तीस बार बासरी एकटी,
मग सगळ्यांनी यायचं, असं कागदावर.
बत्तीस झाले. कंडक्टरबाईंची छडी वर,
गज हवेत.
हिलरीचे डोळे मिटलेले.
छत्तीस. चाळीस.
तेवढ्यात बाहेर कुणीतरी दुकानाचं शटर ओढलं,
लांब, करकरीत, शेवटी एक आपट.
माझा हात कपाळावर.
आणि हिलरीनं तो करकर उचलला,
तसाच खालून वर नेला, परत आणला,
विचारला, उलटा केला,
जणू शटर आत येऊन बसलंय आणि त्याच्याशी बोलणं चाललंय.
लोकांनी कार्यक्रमपत्रिकेनं वारा घेणं थांबवलं.
बर्फाचा एक थेंब. तोही टेपवर आहे.

किती बार झाले कुणाला ठाऊक.
छडी वरच राहिली, बाई विसरल्याच.
मग थोपट्यांचा बूट पडला.
एकदाच. टक्.
आणि चाळीस जण त्या बुटावर आत आले
एका श्वासात, एका पायानं.

ब्लेड घेऊन मी तो बूट कापायला बसलो होतो.
हिलरी म्हणाला, कापलास तर पैसे देणार नाही.
तसे त्यानं दिलेच नाहीत, पण ते जाऊ द्या.

पाचशे तबकड्या निघाल्या.
एकशे सत्तर अजून माझ्या माळ्यावर.
परवा सदाशिव पेठेतले एक गृहस्थ एक घेऊन गेले,
दोन दिवसांनी परत आले:
सुई उडते, अकराव्या मिनिटाला टक् वाजतं.
मी बदलून दिली.
आठवड्यानं तीही घेऊन आले.
म्हणाले, हिच्यातही तेच, त्याच जागी.

तेव्हा मी खुर्ची पुढे केली
आणि चहा सांगितला.