खालच्या वाडीची माती

ओढ्यापाशी विद्यापीठाची गाडी थांबते, पुढे पायवाट.
हामेसो खोकं उचलतो: काचपट्ट्या, स्पिरिटची बाटली,
रोगट पानांच्या रंगीत तक्त्याची गुंडाळी.
माझ्याकडे वही.

वर सिदामाच्या डोंगरात दुकालेचं एनसेट.
लांबून बघणाऱ्याला केळीची बाग वाटेल,
पण इथे घडाची वाट कुणी बघत नाही.
सात वर्षं वाढवायचं, मग आडवं करून
बुंधा खरवडायचा, खड्ड्यात पुरून आंबवायचा,
त्या भाकरीवर सगळं घर.
एका झाडाला सात वर्षं.
माझ्या पीएचडीला पाच लागली.

रोग आला की मधलं पान आधी मान टाकतं.
देठ कापला तर पिवळसर चिकट थेंब
सावकाश गोळा होतो.
तो दिसल्यावर तक्ता उलगडावा लागत नाही.

अंगणात उभी राहून मी सांगते, तिसऱ्या भेटीत तिसऱ्यांदा:
या झाडाची सुरी त्या झाडाला लावायची नाही.
आधी विस्तवावर धरा, चांगली तापू द्या.
आजारी झाड उपटून पुरा.
शेजारणीला सुरी उसनी देऊ नका.
बायका माना डोलावतात.
उसनं न देता इथे राहायचं कसं,
हे तक्त्यात छापलेलं नाही.

दुकाले गप्प. ती माझे बूट बघते आहे.

"सकाळी कुठे होतीस?"
खालच्या वाडीत.
"तिथे किती गेली?"
अकरा.
"त्यांच्या मातीत उभी राहिलीस
आणि तशीच माझ्या दारात आलीस."

हामेसो खोकं खाली ठेवतो.
वहीत चौदाव्या पानावर माझंच अक्षर:
प्रसार – हत्यारं, जनावरं, माणसांची ये-जा.
'माणसं' लिहिताना
डोळ्यांपुढे मी नव्हते.

स्पिरिट सुऱ्यांपुरतंच आणलेलं.
दुकाले चुलीतली राख आणते, मडक्यात पाणी.
मी दगडावर बसून बूट काढते,
तळव्याच्या खाचांतला चिखल काडीने कोरते:
खालच्या वाडीचा, तिच्या आधीच्या वाडीचा,
कोणत्या पावसाळ्यापासूनचा कोण जाणे.
बायका हसतात. खूप हसतात.
मग त्यांच्यातली एक, नावही माहीत नाही मला तिचं,
न विचारता दुसरा बूट ओढून घेते
आणि घासायला लागते.

नमुने कापायची माझी सुरी दुकाले मागते,
निखाऱ्यांवर धरते, उलटीपालटी करत,
भाकरी शेकावी तशी, घाई न करता.

संध्याकाळी अहवाल भरीन.
उपस्थिती: बावीस महिला. प्रात्यक्षिक: झालं.
कुणी केलं, असा रकाना नाही.

"आता चल," ती म्हणते, आणि सुरी मुठीकडून पुढे करते.
ओल्या बुटांनी मी तिच्या मागे.
उतारावर तिसऱ्या रांगेत
एक मधलं पान, जरासं कललेलं.
ती थांबते. मीही.

वाऱ्यानेसुद्धा कलतं कधीकधी.