एक जास्त

बसच्या मागच्या दाराला सुतळी बांधलेली होती.
मी म्हटलं, सोडा.
गुलाबभाऊ म्हणाले, "मॅडम जी, धा वर्सं झाले,
कोनी उघडलंच नाही ना ते."
मी म्हटलं, म्हणूनच.
त्यांनी दातांनी गाठ सोडली. पाचपावलीवर धुकं होतं,
साडेसातही वाजले नव्हते
आणि बेचाळीस पोट्टे डबे उघडून बसलेसुद्धा.

परवानगीच्या चिठ्ठ्या पर्समध्ये:
एकतीस सह्या, नऊ अंगठे,
दोन सह्या पोट्ट्यांनी स्वतःच ठोकलेल्या.
त्या दोघांच्या घरी मी काल जाऊन आले.
काडेपेटीत सुगतच्या फिटच्या गोळ्या,
चार लिंबं, डेटॉल, शिटी.
आणि प्रत्येकाच्या मनगटावर
बॉलपेनने शाळेचा नंबर.
निखतच्या हातावर तो मेंदीवरून गेला.
ती रुसली.
रुसू दे.

अंबाझरीला काठाच्या वीस पावलं आधीच
मी दोरी ताणून उभी.
"मॅडम, इथून तं पानी दिसतच नाही!"
दिसतं, टाचा उंच करा.
हसले सगळे. मी हसले नाही.
माझ्या पाचवीच्या वर्गात सहलीनंतर
खिडकीजवळचा एक बाक रिकामा राहिला होता.
तिथे बसू नका, असं कोणीच सांगितलं नव्हतं.
वर्षभर कोणी बसलं नाही.

दुपारी महाराजबाग.
अस्वल झोपलेलं, त्यावर सगळे नाराज.
बिबट्याच्या पिंजऱ्यापुढे जोड्या लावल्या,
हातात हात, एकवीस जोड्या,
मी डोक्यांना बोट लावत गेले
आणि शेवटी आले ते त्रेचाळीस.

पुन्हा मोजले.
त्रेचाळीस.

कमी पडलं तर काय करायचं ते मला झोपेतही येतं:
शिटी, सगळे खाली बसा, कोणी हलायचं नाही,
हेडाऊ सर फाटकावर, मी मागे, पाण्याकडे आधी.
एक जास्त झालं तर काय,
हे कुठल्याही परिपत्रकात नाही.

ती निखतच्या पलीकडे उभी होती.
पाचेक वर्षांची, बटणं नसलेलं स्वेटर,
ओठांना आमच्याच सहलीच्या चिवड्याची हळद.
रांगेत इतकी सरळ उभी
की माझ्या बेचाळिसांत कोणी तशी नव्हती.
मनगटावर शाळेचा नंबर,
निखतच्या अक्षरात, सातचा आकडा उलटा.
"हे कोण?"
"मैना हाय. अंबाझरीची नाही, इथलीच.
आपल्या रांगेत हात धराले कोनी असते ना मॅडम,
म्हून आली."
आणि नंबर?
निखतने माझ्याकडे असं पाहिलं
जसं मी सोप्या गणिताला पाहते.
"तेही हरवू शकते ना."

फाटकाशी तिची आई शिंगाडे सोलत होती.
पोरगी गेल्याचं तिला कळलंच नव्हतं.
"इथंच खेळते जी ते. कुठं जाते?"
मी काहीतरी कडक बोलणार होते.
समोर तराजू, सुरी, चिल्लरचा डबा,
मान वर करायला दोन गिऱ्हाइकांमधली जागा.
मी पाव किलो शिंगाडे घेतले.
तिने एक मूठ जास्त घातली.

परतीच्या बसमध्ये बेचाळीस. बरोबर.
पाच ओकले, लिंबं संपली,
सुगत गोळी घेऊन माझ्या खांद्यावर झोपला.
कॉटन मार्केटच्या सिग्नलला मी परत मोजले,
बरोबर आकडा येऊनही
बोट शेवटच्या डोक्यापाशी थांबून राहिलं.

बॉलपेन जायला दोन दिवस लागतात,
थंडीत कदाचित तीन.
परवापासून ऑफिसातला फोन वाजला
की पराते शिपायाच्या आधी
मीच उचलते.