सतरावा सीझन

डॉक्टर खोंडे बॉण्ड संपवून गेले तेव्हा
क्वार्टरमध्ये एक बादली राहिली,
मच्छरदाणी, आणि हा पेनड्राइव्ह.
त्यात विलायतेतल्या कुठल्याशा दवाखान्याचा
सतरावा सीझन. फक्त सतरावाच.
आधीच्या सोळांत कोण कोणावर रुसलं, कोण मेलं,
मला ठाऊक नाही.
मी सिंदेवाहीला बदलून आले तेव्हाही
अशीच मध्ये आले होते.

रात्रपाळीला सलाईनचे थेंब मोजून झाले
की ओपीडीच्या कॉम्प्युटरवर लावते, आवाज बंद.
इंग्रजी कळत नाही असं नाही,
पण पाच नंबरची बाळंतीण उठेल.

प्रत्येक भागात आधी एक धडधाकट माणूस दिसतो:
शिडीवर चढणारा, नाहीतर
गाडी चालवता चालवता डबा उघडणारा.
देवाजी लगेच बोट ठेवतो, "हा पडते पाय आता."
देवाजी मडावी, आमचा वॉर्डबॉय.
दिवाळी ते होळी रजा टाकटाकून
वडशाच्या कंपनीत डॉक्टरचं काम करतो,
गळ्यात आमचाच जुना स्टेथो, डावा कान मुका.
"झाडीचा बी सीझनच असते ना जी सिस्टर,
पण आमचा डॉक्टर येते तिसऱ्या अंकात
आन् म्हणते, आता सारं देवाच्या हाती."

तिकडे कोणी ओरडलं की सहा जण धावतात.
निळा पडदा ओढतात, इस्त्री केलेला.
रक्ताची पिशवी मागितली की येते.
मी गोष्ट सोडून फ्रीज शोधत बसते,
कुठे ठेवतात एवढं.
आणि पाऊण तासात संपतं सगळं:
मेला तर मेला, वाचला तर बायको
कॉफीचा कागदी पेला धरून रडते.

आमच्याकडे गोष्ट संपत नाही. रेफर होते.
मोहफुलं वेचताना अस्वलानं सोललेला म्हातारा,
बांधीत घोणस चावलेली रोवणीची पोर,
झटके येणारी पहिलटकरीण.
इंजेक्शन देते, कागद भरते,
'पुढील उपचारासाठी चंद्रपूर' लिहिते.
एकशे आठचा लाल दिवा
फाट्यावरच्या मोहाच्या झाडामागे जातो
आणि पुढचा भाग
दुसरंच कोणी बघतं.
रजिस्टरच्या शेवटच्या रकान्यावर 'निष्पत्ती' छापलंय.
खाली पानभर माझं अक्षर:
रेफर. रेफर. वरीलप्रमाणे.

मागच्या बाजाराच्या दिवशी एक बाई आली.
कडेवर दीड वर्षाचं पोर, शेंबडं,
पिशवीत टेंभरं.
"वळखलं का जी? झटके आले होते मले.
तुमीच हात धरून बसल्या होत्या गाडीत,
पार मूलपर्यंत."

मूलपर्यंत.
ती रात्र मी इथे नव्हतेच.
भाचीच्या लग्नाला गेले होते, तुमसरला.
ड्यूटीवर सुनंदा उईके होती,
तिची पुढे कोरचीला बदली झाली.

सांगायला तोंड उघडलं.
देवाजी दारात उभा, माझ्याकडे बघत,
नाटकात पुढचं वाक्य पुरवणाऱ्यासारखा.
मी म्हटलं, "हो ना गं, काय घाबरवलं होतंस."
तिनं पोर माझ्या मांडीवर दिलं.
त्यानं माझं घड्याळ तोंडात घातलं.
टेंभरं गोड होती.

रात्री सुनंदाला फोन केला. रेंज नाही.

चाळिसावा भाग उघडत नाही,
फाईल खराब आहे म्हणतं कॉम्प्युटर.
एकोणचाळिसाव्यात ती गोरी, माझ्याच वयाची सिस्टर
लॉकर रिकामं करत होती,
एक मोजा हातात धरून थांबलेली.
देवाजी म्हणतो, "जाते कुठी? नाई जात."

मी कपाटाच्या तळातून दीड वर्षापूर्वीचं रजिस्टर काढलं,
तुळशीच्या लग्नाच्या आसपासचं पान.
'रेफर'च्या पुढे, पेन्सिलीनं, बारीक:
बाजाराच्या दिवशी आली. मुलगा. दात सहा.
खाली सही कोणाची करायची
तेवढं राहिलंय.