बहात्तर तास

मंगळवारी टोचलं, शुक्रवारी वाचायचं.
मधले तीन दिवस कातडीचे.

लीट्रिमची जमीन अशी की पाय उचलला
तर बूट मागेच राहतो.
फिंटन मल्वी खोड्याचा दांडा ओढतो,
गाय पुढे येते, मान अडकते.
भादरलेले दोन चौकोन:
वरच्यात पक्ष्यांच्या क्षयाचा अर्क, खालच्यात गाईंच्या.
खालची गाठ वरचीपेक्षा किती फुगली
एवढंच मला विचारायचं असतं
आणि मुकं जनावर मिलिमीटरमध्ये बोलतं.

बोलतं, पण कुणाशी?
मंगळवारी तिसऱ्या कालवडीने झटका दिला,
सुई कातडीत राहिली की खाली उतरली
हे मला तेव्हाही नक्की कळलं नव्हतं.
बाटली गाडीत काचेपाशी राहिली होती तासभर.
इथे ऊन वर्षातून चारदा पडतं,
त्यातलं एक त्या दिवशी.
ही परवाच व्यायलेली, सगळं अंग दुधाच्या कामाला लागलेलं.
हिच्या काळजात चपट्या कृमी, पाणथळ कुरणाची देणगी;
त्या आत असल्या की कातडी गप्प बसते म्हणतात.
ती काळी लंगडत होती म्हणून
मागच्या आठवड्यात मीच तिला स्टेरॉइड दिलं.
मीच.

पेग आठवते.
नऊ वर्षं, नऊ तपासण्या,
मान तळहातासारखी सपाट.
फिंटन म्हणायचा, हिच्यावरून कळप ओळखा.
म्हातारपणी कापली तेव्हा
फुप्फुसात चुन्याचे खडे निघाले मुठीमुठीने.
आजार इतका मुरलेला
की अंगाने त्याच्याशी भांडणंच सोडून दिलं होतं.
आणि तिच्या शेजारी बांधलेली ती लाल कालवड,
नऊ मिलिमीटर, ट्रकमध्ये चढताना मागे वळून बघणारी,
तिच्या कागदावर लिहून आलं: काही दिसलं नाही.
नव्हतं, असं नाही. दिसलं नाही.
अट्रॅक्टाने तो कागद
चहाच्या डब्याखाली ठेवलाय अजून.

आज एक्केचाळीसावी.
खालची गाठ आहे. बोराएवढी? त्याहून थोडी कमी?
कॅलिपर घट्ट दाबला तर सुटेल,
सैल धरला तर अडकेल,
आणि बाजाराला न्यायची अकरा वासरं
कुंपणापाशी उभी राहून आमच्याकडे बघतायत.

"किती?" फिंटन विचारतो.
मी सांगत नाही.
अंगठा गारठून लाकूड झालाय.
आधी तो काखेत धरून उबवते,
मग पुन्हा मोजते.