शीळ

ओहोटी लागली की बेटावरच्या बाया शिंपले वेचायला उतरतात.
मी नाही.
मी रोसामेलचं अंथरूण बदलते.

रोसामेल माझा दीर.
नवरा बुडाला त्या होडीतून हा एकटाच पोहत परतला.
सात वर्षांनी वारं गेलं अंगावरून,
त्याची उजवी बाजू नेली, आणि सगळे शब्द.
एक शिवी तेवढी राहिली.
भूक लागली की तीच देतो,
खिडकीत ऊन आलं तरी तीच.

पहिल्या वर्षी मी हिशेब ठेवला.
कॅलेंडरच्या पाठीवर, पेन्सिलीनं.
रात्री उठले, एक रेघ.
बटाट्याचं करपलेलं मी खाल्लं, मऊ गर त्याला, एक रेघ.
निळी लोकर विकून त्याच्या गुडघ्यांना मलम आणलं,
दोन रेघा,
कारण ती लोकर माझ्या फार मनात भरली होती.
वाटायचं, वर्षातून एकदा पाद्री होडीनं येतात,
त्यांच्या हातात हा कागद द्यावा,
म्हणावं, फादर, पोचवा वर.
पावती मिळाली तर बरं.

रविवारी खाडीपलीकडे घंटा होते.
लाकडी चर्च आमचं, बाहेरून पिवळं, आतून निळं.
मेणबत्त्या लावायचं काम माझं होतं,
आता एर्मिंदा लावते.
तिरक्या लावते.
इथून दिसत नाही, पण मला माहीत आहे.

फादर एकदा म्हणाले होते,
प्रभूनं क्रूस उचलायला सांगितला,
पण सांगताना एक बारकासा शब्द घातला: रोज.
क्रूस मला ठाऊक होता.
हुतात्म्यांची चित्रं पाहिली होती मी,
बाण, जाळ, डोक्यामागे सोनेरी चकती.
'रोज' मात्र बादलीएवढा निघाला,
ओल्या चादरीच्या वजनाचा.
त्याच्यामागे कुणी चकती रंगवत नाही.

मग शेजारच्या अबेलार्दोची शाळा सुरू झाली.
पेन्सिल मागायला आला. दिली.
दिल्याची रेघ ओढायला गेले,
तर पेन्सिल कुठे होती?
नवी आणू म्हटलं. राहिलं.
बटाटे काढायचे होते, मग डुकरीण आजारी पडली,
मग दक्षिणेचा वारा पत्रे उचकटून गेला.

ऑगस्टातली एक सकाळ. बाहेर कडाक्याची थंडी,
चुलीवर किटली, काचेवर वाफ.
एका हातात त्याची हनुवटी धरून
मी दाढी करत होते,
फेस त्याच्या कानात गेला होता,
आणि कुणीतरी शीळ घालत होतं.

कोण हे सकाळी सकाळी?
चिडून दाराकडे पाहिलं.
दारात कुणी नाही. शीळ बंद.
वस्तरा उचलला, पुन्हा सुरू.

ओठ माझेच होते.

नऊ वर्षांत ते तसे वळले नव्हते.
खरं सांगते, आधी भीती वाटली,
मग लाज,
सुतकात कुणी गोड खाताना पकडावं तशी.
मग शोधत बसले, हे आलं कुठून?
बदललं काय?
चादर तशीच ओली. पाठ तशीच धरलेली.
एर्मिंदाच्या मेणबत्त्या तशाच.

रोसामेल बघत होता, अर्ध्या तोंडाला फेस.
डाव्या हातानं त्यानं चमचा चाचपला,
खाटेच्या कडेवर ठोकला.
ठक. ठक ठक.
आणि शिवी दिली.
ती शिवी या खेपेस
'थांबलीस का' अशी होती.

फादर येतील तेव्हा द्यायला कागद नाही.
कॅलेंडर चूल पेटवायला गेलं.

पाणी वर चढू लागलंय,
बाया परततील आता, टोपल्या टपटप गळत.
कुणीतरी उंबऱ्यावर दोन ओंजळी शिंपले ठेवून जाईल,
न हाक मारता, नऊ वर्षं ठेवतात तसे.
त्यांची एकही रेघ
मी कधी ओढली नव्हती.

असो.
अर्धी दाढी बाकी आहे,
पाणी निवतंय.