त्रयस्थ

ग्रिम्सबी, शनिवार, सकाळचे सव्वासहा.
पुलाचं पाणी अजून कुणी मोडलेलं नाही.
हीटरपाशी बसून मी विम्याच्या नूतनीकरणाचा फॉर्म भरतेय,
केसांना कालचं क्लोरीन.

संरक्षण : पन्नास लाख पौंड.
शिक्षक तीन, मुलं एकशे चाळीस.
त्यातली पाण्याला भिणारी किती,
ते विचारलेलं नाही.

'त्रयस्थास झालेली इजा.'
इथे अडते.
माझा तळवा आणि छोट्या रूपर्टची मान,
यांच्यामध्ये तिसरं कोण?
पाणीच की.
त्याची सही कुठे घेऊ?

मला दगडूमामांनी पाठीला रिकामा डबा बांधून
विहिरीत ढकललं होतं.
वरून म्हणाले, मार हात.
काठावर निवांत विडी ओढत होते, असंच मी सांगत आले सगळ्यांना.
सदरा त्यांनी आधीच काढून ठेवला होता
हे परवा, भांडी घासताना, आठवलं.

'गेल्या बारा महिन्यांत काही घटना?'
मार्चमध्ये मॉड, खोल बाजूला,
चार सेकंद दिसली नव्हती.
चारच. तेव्हा मोजले नव्हते,
आता रोज मोजते.

पेन 'नाही'च्या चौकोनावर.

बाहेर पहिली गाडी थांबते.
चौकोन तसाच ठेवून
मी स्वेटर काढते.